भट्टी बदलली, बाकी सुटली नाही

दिवाळी सरली की टोकावड्याच्या पाड्यांवरून भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे टेम्पोत भरून कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पुढच्या साली तेच कुटुंब दुसऱ्या भट्टीवर दिसते. गावातले शहाणे लगेच निकाल देतात, "ही जातच फिरती!" फिरती म्हणे! कात पाडून जगणाऱ्या या समाजाचे जंगल इंग्रजांच्या वनकायद्यांनी काढून घेतले, त्याचे काय?

मग पहिली भट्टी ते का सोडतात? पावसाच्या तोंडावर मालक वही उघडतो. आगाऊ घेतलेला बयाणा, आठवड्याची खर्ची आणि दवाखान्याचे पैसे एकीकडे, हजार विटांमागचा दर दुसरीकडे. वजाबाकीत मजुराकडेच बाकी निघते. वाचता न येणारा माणूस अंगठा उठवतो. भांडायला त्याच्यामागे युनियन नाही. भट्टी सोडणे एवढेच त्याच्या हाती उरते. पण नवा मालक जुन्याची बाकी चुकती करतो आणि तीच आपल्या वहीत त्याच्या नावावर चढवतो. मजूर सुटला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे कर्ज एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते आणि त्यामागे बायकापोरेही!

युरोपातही लोक दुसरा देश धरतात. सोमालियातून नेदरलँड्सला गेलेली अनेक कुटुंबे तिथले नागरिकत्व मिळाल्यावर ब्रिटनमधल्या लेस्टरला गेली. तिथे नातलग होते, आपला समाज होता, मुलांना इंग्रजी शाळा होत्या. त्यांच्या हाती पासपोर्ट होता. आमच्या माणसाच्या हाती काय आहे?

बाबासाहेबांच्या घटनेच्या कलम १९ ने त्याला देशभर फिरण्याचा, वसण्याचा हक्क दिला. कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९७६ मध्ये बिगारमुक्तीचा कायदा झाला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा मात्र राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरताच होता. २०२० च्या श्रमसंहितेतही व्याख्या आंतरराज्य मजुराचीच आहे. टोकावडे ते भिवंडी वाटेत राज्याची हद्द लागत नाही, म्हणून हा मजूर स्थलांतरितच नाही!

चळवळीतल्या शिकलेल्या पोरांनी पाड्यावर जाऊन प्रत्येक कुटुंबाची दुसरी वही ठेवावी. बयाणा किती, विटा किती, खर्ची किती, सारे तारखेनिशी. पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि मुकादम पैसे घेऊन दारात येतो. त्याच्या आधी पोचायला हवे.