ठरवून केलेली कुस्ती

'अगं, सगळं ठरवलेलं असतं ते!' डब्ल्यूडब्ल्यूईचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हे वाक्य टाकतंच. असतंच ठरवलेलं. कोण जिंकणार हे दोघांनाही आधी ठाऊक असतं. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणून नाकं मुरडतात, तिथे मात्र तोच धंदा आहे. मला कुतूहल वेगळंच. निकाल ठरलेला, पैसेही ठरलेले; मग हे मोठे स्टार वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, म्हणजे रेसलमेनियाला, जीव ओततात की उरकून टाकतात?

उरकतात, हे आधीच सांगते. १४ मार्च २००४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. गोल्डबर्ग आणि ब्रॉक लेस्नर, दोघंही डोंगराएवढे. पण दोघंही त्या रात्रीनंतर कंपनी सोडणार होते आणि प्रेक्षकांना त्याचा सुगावा लागला होता. त्यात सुरुवातीची काही मिनिटं दोघं नुसते एकमेकांकडे बघत उभे! लोकांनी दोघांचीही यथेच्छ हुर्यो उडवली. पाहुण्यांना पानावर वाढणाऱ्याचं मन नसेल तर आपल्याला कळतंच ना, तसंच ते. गंमत म्हणजे हीच जोडी २०१७ च्या रेसलमेनियात पुन्हा भिडली, पाच मिनिटांच्या आत सगळं आटोपलं, आणि लोक खूश! तेव्हा नुसती मिनिटं मोजून काही कळत नाही.

दुसऱ्या टोकाला शॉन मायकल्स. जानेवारी १९९८ मध्ये एका लढतीत शवपेटीच्या कडेवर त्याची पाठ आपटली आणि मणक्याला जबर दुखापत झाली. (हो, या खेळात शवपेटीही असते.) दोन महिन्यांनी, २९ मार्चला बॉस्टनमध्ये, तसल्या पाठीने तो रिंगमध्ये उतरला, तोही स्टीव्ह ऑस्टिनकडून हरण्यासाठी. त्यानंतर चार वर्षांहून जास्त काळ तो खेळू शकला नाही.

आणि आंद्रे द जायंट? १९८७ च्या रेसलमेनियात हल्क होगनने या अवाढव्य माणसाला उचलून आपटलं, ते दृश्य आजही दाखवतात. आंद्रेच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली होती, अंगावरच्या पोशाखाखाली पट्टा बांधलेला होता. टाळ्या होगनला मिळाल्या. मला विचाराल तर त्या रात्री जास्त दिलं ते आपटून घेणाऱ्याने.

कारण इथली खरी मेहनत मारण्यात नाहीच. समोरच्याला आपटायचं, पण त्याची मान शाबूत ठेवायची. त्याने उडी मारली की झेलायचं. २००९ मध्ये ह्यूस्टनला मायकल्सशी लढताना अंडरटेकरने दोरांवरून बाहेर झेप घेतली. त्याला झेलायला कॅमेरामनच्या वेशात उभा केलेला पैलवान कमी पडला आणि अंडरटेकर डोक्यावर आदळला. तरी उठून त्याने तो लांबलचक सामना पुरा केला. त्याचा तो सामना अनेकजण आजवरचा सर्वोत्तम मानतात.

बायकांचं काय, हे तुम्ही विचारणारच. तर जीव ओतायचा तर आधी वेळ तरी मिळायला हवा! फेब्रुवारी २०१५ मध्ये 'रॉ' या साप्ताहिक कार्यक्रमात चौघींचा एक सामना लागला आणि अर्ध्या मिनिटात गुंडाळला. चौघींनी तयारी कितीही केली असो, अर्ध्या मिनिटात दाखवणार काय? प्रेक्षक मात्र या वेळी गप्प बसले नाहीत. त्यांनी इंटरनेटवर इतका गदारोळ केला की कंपनीला दखल घ्यावी लागली.

चार वर्षांनी, ७ एप्रिल २०१९ ला, न्यू जर्सीत रेसलमेनियाचा शेवटचा, मानाचा सामना पहिल्यांदाच बायकांचा झाला: बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि रोंडा राउझी. त्यातही मान दिला तो असा, की आधी इतके सामने लांबवले की या तिघींचा संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. कंटाळलेल्या स्टेडियमसमोर तिघी वीस मिनिटांहून जास्त झगडल्या. शेवट थोडा फसलाच. बेकी जिंकली, पण रोंडाचे दोन्ही खांदे नीट टेकलेच नव्हते, अशी चर्चा नंतर रंगली. रोंडाचा हात मात्र त्या सामन्यात खरोखरच मोडला होता.