तबकडी दुकानात पोचवणार कोण?

स्वतंत्र संगीत म्हटले की बड्या कंपन्यांच्या तालावर न नाचणारा, मनाला येईल ते गाणारा बंडखोर कलावंत डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र खोटे नव्हे. परंतु अपुरे खास आहे. ज्या ब्रिटनमध्ये या शब्दाला आजचा अर्थ लाभला, तेथे स्वातंत्र्याचा प्रश्न गाण्याच्या आशयापेक्षा गोदाम, मालमोटार आणि दुकानदाराची उधारी यांच्याशी अधिक निगडित होता. रसिकांचे लक्ष या बाजूकडे सहसा जात नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. गोदामावर कोणी स्तोत्रे रचीत नाही.

डिसेंबर १९७६ च्या अखेरीस मँचेस्टरमधील ‘बझकॉक्स’ या तरुण वादकांच्या संचाने आप्तेष्टांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची छोटी तबकडी स्वतःच काढली. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती. खप पुढे सोळा हजारांच्या घरात गेला. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले, तेही वेष्टनावर छापलेले होते. छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्या पूर्वीही होत्या. परंतु कंपनीच्या दारात ताटकळत न बसता पदरमोड करून तबकडी काढता येते, ही गोष्ट या प्रयोगाने असंख्य तरुणांच्या मनावर ठसवली. त्याच वर्षी ‘डेस्परेट बायसिकल्स’ या संचाने अवघ्या १५३ पौंडांत आपली पहिली तबकडी काढली. ‘स्क्रिटी पोलिटी’ने तर १९७८ मध्ये आपल्या तबकडीच्या वेष्टनावर निर्मितीचा सारा खर्च कलमवार छापून टाकला. व्यवसायाचे गुपित असे चव्हाट्यावर मांडणे हेच त्यांचे राजकारण होते.

पण तबकडी निघाली तरी ती गावोगावच्या दुकानांत जावी कशी? वितरणाची यंत्रणा बहुतांशी ईएमआय, सीबीएस यांसारख्या बड्या कंपन्यांच्या हाती होती. पिकवणारा कितीही स्वतंत्र असला तरी बाजारपेठ अडत्याच्या मुठीत असेल तर त्या स्वातंत्र्याची किंमत काय, हे वेगळे सांगावयास नको. ही कोंडी फोडली ती एका दुकानाने. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये ‘रफ ट्रेड’ हे दुकान उघडले. कोणीही यावे, आपल्या तबकड्या ठेवाव्यात, अशी तेथील रीत पडली आणि हळूहळू हे दुकान इतर दुकानांनाही माल पुरवू लागले. १९७८ पासून ‘रफ ट्रेड’ स्वतः ध्वनिमुद्रिका काढू लागले. बेलफास्टच्या ‘स्टिफ लिटल फिंगर्स’ची १९७९ मधील मोठी तबकडी एक लाखाहून अधिक खपली. पुढे यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल, नॉरिच, एडिंबरो आदी ठिकाणच्या वितरकांना जोडून एक संघ उभा राहिला. त्याचे नाव ‘कार्टेल’! मक्तेदारांची संगनमती दर्शविणारा हा शब्द त्यांनी थट्टेने उचलला असावा.

जानेवारी १९८० मध्ये स्वतंत्र संगीताची खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात शिरण्याची कसोटी गाण्याची शैली नव्हती. वितरण बड्या कंपन्यांकडून झालेले नसावे, एवढीच अट होती. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोगची निखालस बाजारी गाणीही त्या यादीत झळकली. निष्ठावंतांना याचा संताप आला. माझ्या मते कसोटी योग्यच होती. तिने केवळ शब्दाचा खरा अर्थ उघडा पाडला.

मँचेस्टरच्या ‘फॅक्टरी’ची कथा याहून विलक्षण. १९७८ मध्ये दूरचित्रवाणी निवेदक टोनी विल्सन आणि त्यांच्या साथीदारांनी ती सुरू केली. सर्व काही वादकांचे, कंपनीचे काहीही नाही, अशा आशयाचा एक कागद एवढाच काय तो करार. १९८२ मध्ये उघडलेल्या ‘हॅसिएंडा’ या नृत्यगृहाने पैसा गिळला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. एक मोठी कंपनी ती विकत घेण्याच्या विचारात होती. पण त्या कागदामुळे विकत घेण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. मालकांचा हा भाबडेपणा वादकांच्या पथ्यावर पडला. त्याआधी १९९१ मध्ये ‘रफ ट्रेड’ची वितरणसंस्था कोसळली, तेव्हा मात्र अनेक छोट्या कंपन्यांची येणी तिच्याबरोबर बुडाली. ज्या यंत्रणेने त्यांना उभे केले, तिच्याच पडझडीत त्या सापडल्या.

आज तबकडी, गोदाम आणि मालमोटार यांची गरज जवळजवळ संपली आहे. घरी ध्वनिमुद्रित केलेले गाणे अल्प खर्चात जगभर पोचवता येते, म्हणजे जुनी अडचण दूर झाली असे वाटावे. परंतु २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून एक नियम केला आहे. मागील १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. ती रक्कम इतर गाण्यांच्या वाट्यात जाते. ‘बझकॉक्स’ने १००० तबकड्या काढल्या, तेव्हा विकल्या गेलेल्या पहिल्या तबकडीचेही पैसे त्यांच्या हाती येत होते.