तुरीच्या मुळाचा हिशेब

आपणां धान्य-व्यापाऱ्यांचा डाळीशी संबंध पोते उघडल्यापासून सुरू होतो. दाण्याचा रंग, ओल व माती पाहून आपण भाव ठरवितो. परंतु तो दाणा ज्या मुळावर पोसला, ते मूळ आपण क्वचितच पाहिलेले असते. चाळीस वर्षे आडत करूनही माझी गत तीच होती.

काही वर्षांपूर्वी तांडूरकडील एका परिचित शेतकऱ्यास मी उचलीपोटी रोख रकमेऐवजी युरियाच्या गोण्या दिल्या. तूर हिरवीगार वाढली. फुलोऱ्याच्या सुमारास त्याने एक रोप मुळासकट आणून माझ्या गादीसमोर ठेवले व म्हटले, "सेठजी, पाहा, गाठीच नाहीत." पुढे उतारही कमी पडला. त्यास इतर कारणेही असतील; परंतु ते उघडे मूळ माझ्या मनातून गेले नाही.

हवेतील नत्र तुरीस वा हरभऱ्यास स्वतः घेता येत नाही. रायझोबियम वर्गातील जीवाणू मुळांवरील गाठींत राहून ते काम करतात व मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. हॉलंडमधील बायेरिंक यांनी १८८८ साली हे जीवाणू गाठींतून वेगळे करून दाखविले.

मात्र गाठी कोठे व किती धराव्यात, हे झाडच ठरविते. त्याची साधने म्हणजे संप्रेरके, अर्थात अत्यल्प प्रमाणात राहून वाढीचे नियमन करणारी द्रव्ये. जीवाणूचा संकेत मिळताच मुळात सायटोकायनिन कामास लागते व पेशी विभागू लागतात. त्या जागी ऑक्झिन साचते आणि गाठ आकारास येते. २००७ साली डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांना लोटस नावाच्या एका लहान द्विदल रोपात असा फेरफार आढळला की, सायटोकायनिनचा संकेत सदैव चालू राहून जीवाणूंवाचूनच गाठी धरल्या. दुकान थाटले, पण आत माल नाही, अशीच ती स्थिती!

उलटपक्षी, फळे पिकविणारा एथिलीन वायू अनेक द्विदलांत गाठींना आवर घालतो. लसूणघासाच्या कुळातील एका रोपास एथिलीन जाणवेनासे झाले, तेव्हा त्यावर कितीतरी पट अधिक गाठी आल्या, असे १९९७ साली अमेरिकेत दिसून आले. गाठी पोसण्यास साखर खर्ची पडते. म्हणून पानांकडूनही 'आता पुरे' असा निरोप मुळांकडे जातो. जमिनीत नत्र मुबलक असेल, तर झाड हा खर्च मुळातच आटोपता घेते. माझ्या युरियाने नेमके हेच केले असावे. फुकटचा माल दारी येत असता पगारी गुमास्ते कोण ठेवील?

आपल्या शहरानजीक पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेत तूर, हरभरा व भुईमूग यांवर संशोधन चालते. तेथे गाठी न धरणारी हरभऱ्याची रोपेही हाती आली आहेत. अशा रोपांशी तुलना करून, गाठींमुळे पिकास किती नत्र मिळाले, हे मोजता येते.

व्यापारी बंधूंस माझी एवढीच विनंती की, कडधान्यासाठी उचल देताना युरियाच्या गोणीआधी बियाण्यास चोळावयाच्या जीवाणुसंवर्धनाची चौकशी करावी. फुलोऱ्यात एखाद्या शेतावर जाऊन एक रोप हळुवार उपटून पाहावे. गाठ कापल्यावर आत गुलाबी दिसली, तर ती काम करीत आहे असे समजावे. आपल्या वहीतील जमेची पहिली नोंद तेथेच होत असते.