गावच्या मातीचे घर : काटकसरीचे, थंड व भक्कम

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. शेतकऱ्याच्या आयुष्यात विहीर व घर ही दोन कामे सर्वांत मोठ्या खर्चाची असतात. विहिरीची जागा तो चार जाणत्यांना विचारून ठरवितो. घराच्या बाबतीत मात्र तालुक्याच्या गावी जे दिसते त्याचे अनुकरण करण्याकडे त्याचा कल असतो. दूरवरून आणलेले सिमेंट व लोखंड, भट्टीतील विटा आणि वर पत्रे असे घर उभे राहते. त्यासाठी काढलेले कर्ज अनेक वर्षे फिटत नाही आणि वैशाखात दुपारी त्या घरात बसवत नाही.

घर बांधण्यास लागणाऱ्या बहुतेक वस्तू गावाच्या शिवारातच असतात. त्यांचा शास्त्रशुद्ध उपयोग केला तर घराचा खर्च आटोक्यात राहतो, सुपीक जमीन वाचते आणि हवेत जाणारा धूर कमी होतो. सिमेंटच्या उत्पादनातून बाहेर पडणारा कर्बवायू हा जगातील अशा एकूण वायूच्या सुमारे सात ते आठ टक्के आहे. यास्तव सिमेंट व भाजलेल्या विटा जेथे अवश्य आहेत तेथेच वापराव्यात आणि बाकीचे काम माती, दगड, चुना व बांबू यांवर भागवावे, असे धोरण प्रत्येक गावाने ठेवणे हिताचे आहे.

किल्लारीचा धडा

मातीच्या घराचा विषय निघाला की मराठवाड्यातील शेतकऱ्यास किल्लारीची आठवण होते आणि ते स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. एवढी प्राणहानी का झाली, हे प्रत्येक घर बांधणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

तेथील बहुतेक घरांच्या भिंती ओबडधोबड काळ्या दगडांच्या व मातीच्या चिखलात रचलेल्या होत्या. भिंतीची आतली व बाहेरची बाजू वेगवेगळी रचून मधली पोकळी दगडगोट्यांनी भरलेली असे. दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड त्यांत नव्हते. त्यावर माळवद होते. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे पांढरीच्या मातीचे थरावर थर चढविलेले असत आणि जुने थर कोणी काढीत नसे. दोन फूट जाडीच्या मातीचे वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे एक टन होते. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीवर याप्रमाणे बारा टनांचा भार झाला! जमीन हादरताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, कोपरे उकलले आणि हा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला.

सारांश, माती व दगड हे शत्रू नव्हेत. भिंतीला बांधणी नव्हती आणि छपरावर नको तेवढे वजन होते, हे खरे कारण होय. असाच दोष राहिला तर सिमेंटचे घरही पडते.

भाजलेल्या विटेची खरी किंमत

साध्या घरास पंधरा हजार विटा लागल्या असे धरू. त्यासाठी निदान २७ घनमीटर माती लागते. ही माती शेताच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातून काढली तर सुमारे पावणेदोन गुंठे जमीन उघडी पडते. सुपीक मातीचा इंचभर थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. विटा भाजण्यास कोळसा अथवा लाकूड जळते ते वेगळेच. तेव्हा वीटभट्टीवाल्यास माती विकून मिळालेला पैसा हा शेतकऱ्याचा नफा नसून त्याच्या भांडवलाची घट आहे.

जेथे भाजलेली वीट वापरणे अपरिहार्य असेल तेथे विटा आडव्या न रचता उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची ‘उंदीरसापळा’ पद्धत वापरावी. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. तीत सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि भिंतीतील पोकळीमुळे खोली थंड राहते. कोराडी, चंद्रपूर, परळी यांसारख्या औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील गावांना तेथील राखेपासून केलेल्या विटाही मिळू शकतात. त्यांना भट्टी लागत नाही.

मातीची पारख

कच्ची माती थोड्या सिमेंटसह यंत्रात दाबून केलेल्या विटेस आपण दाबवीट म्हणू. ती भाजावी लागत नाही. अशा विटांसाठी हाताने चालविण्याचे यंत्र १९५० नंतरच्या दशकात कोलंबिया देशात तयार झाले. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानाचा जो विभाग सुरू झाला, त्याने या कामाचा दीर्घ अभ्यास केला आहे.

दाबविटेस वाळूचे प्रमाण अधिक व चिकणमातीचे प्रमाण बेताचे असलेली माती लागते. शंभर भागांत साठ ते सत्तर भाग वाळू व दहा ते पंधरा भाग चिकणमाती असावी. तांबूस, मुरमाड जमिनीतील खालच्या थराची माती बहुधा योग्य ठरते. काळी कापसाची माती या कामास घेऊ नये. ती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. पारख करण्यासाठी पुढील तीन परीक्षा कोणासही करता येतात.

१. बाटलीची परीक्षा : काचेच्या बाटलीचा तिसरा हिस्सा माती भरून वर पाणी व चिमूटभर मीठ घालावे. जोराने हलवून बाटली स्थिर ठेवावी. वाळू प्रथम, पोयटा नंतर आणि चिकणमाती सर्वांत शेवटी बसते. दुसऱ्या दिवशी तिन्ही थर पट्टीने मोजावेत.

२. पेटीची परीक्षा : ६० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद व ४ सेंटिमीटर खोल लाकडी पेटीत आतून तेल लावून ओली माती ठासून भरावी व सावलीत आठवडाभर वाळू द्यावी. माती अडीच सेंटिमीटरपर्यंत आकसली तर ती चांगली समजावी. त्याहून अधिक आकसल्यास वाळू मिसळून परीक्षा पुन्हा घ्यावी.

३. गोळ्याची परीक्षा : विटा पाडण्यापूर्वी ओलाव्याचा अंदाज घेण्यासाठी मातीचा मुठीएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकावा. त्याची चारपाच ढेकळे झाली तर ओल बरोबर आहे. भुगा झाला तर पाणी कमी पडले आणि गोळा नुसता चपटा झाला तर अधिक झाले, असे समजावे.

माती काढताना वरचा सुपीक थर प्रथम बाजूस काढून शेतात पसरावा व खालचीच माती विटांना घ्यावी. खड्ड्याची जागा अशी निवडावी की, तेथे पुढे शेततळे किंवा कंपोस्टचा खड्डा होईल.

विटा पाडणे

मातीतील खडे चाळून काढावेत. सुमारे ७०० किलो कोरड्या मातीत ५० किलो सिमेंटचे एक पोते कोरडेच मिसळावे व मग पाणी शिंपडावे. पाणी घातलेले मिश्रण तासाभरात संपेल एवढेच करावे. २३ सेंटिमीटर लांब, १९ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर जाड अशा विटा एका पोत्यात नव्वदच्या आसपास होतात. त्या सावलीत रचून गवत वा गोणपाटाने झाकाव्यात व तीन आठवडे दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडावे. चार आठवड्यांपूर्वी वीट भिंतीत घालू नये. पुष्कळ ठिकाणी विटा बिघडतात त्या मातीमुळे नव्हे, तर हे पाणी मारण्याचा कंटाळा केल्यामुळे. तयार वीट रात्रंदिवस पाण्यात बुडवून ठेवावी. तिचा चिखल झाल्यास ती घाण मुळीच वापरू नये.

जोडकामासाठी एक भाग सिमेंट, दोन भाग माती व सहा भाग वाळू असा मसाला पुरतो. भिंतीपेक्षा मसाला फार कडक असणे इष्ट नाही.

पाया, जोते व पट्टे

मातीच्या भिंतीचा खरा शत्रू पाणी होय. म्हणून तिच्या पायाशी दगडी जोते व डोक्यावर रुंद पागोळी असणे अत्यावश्यक आहे. जोते जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावे. पागोळी भिंतीच्या बाहेर निदान दीड फूट यावी. काळ्या जमिनीत पाया खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा, घराभोवती मुरमाचा भराव करून त्यास बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि मोरीचे पाणी पायाजवळ मुरू देऊ नये.

भूकंपाच्या दृष्टीने जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर व छपराखाली असे तीन आडवे पट्टे लोखंडी सळई घालून ओतावेत. हे पट्टे सर्व भिंतींवरून अखंड फिरले पाहिजेत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसे ते घराला धरून ठेवतात. सिमेंट व लोखंड यांचा उपयोग करण्याची योग्य जागा ही आहे. दारे व खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असाव्यात. दगडी भिंत बांधावयाची असल्यास ती दीड फुटापेक्षा जाड करू नये आणि उंचीच्या प्रत्येक दोन फुटांवर, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा.

ज्यांची माळवदाची जुनी घरे उभी आहेत त्यांनी ती पाडण्याची घाई करू नये. छपरावरील जादा माती उतरवावी, खांब व तुळई यांचे सांधे तिरप्या लाकडी किंवा लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत आणि भिंतीत भोके घेऊन सळईसह काँक्रीटचे सांधे भरावेत. हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हावे. एक हंगाम मजुरी व थोडे सिमेंट खर्च करून घरातील माणसांचा जीव सुरक्षित होत असेल, तर हा खर्च दुसऱ्या कोणत्याही खर्चाच्या आधी करावा.

छप्पर

उघडा पत्रा हलका व स्वस्त असला तरी उन्हाळ्यात तापतो. कौले हलकी, दुरुस्तीस सोपी व थंड असतात. पत्रा असलाच तर खाली बांबूच्या चटईचे किंवा कुडाचे आच्छादन करून मध्ये हवा खेळण्यास जागा ठेवावी. सपाट काँक्रीटच्या छपरावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याची पांढरी सफेदी द्यावी. बांबू वापरताना तो पक्व असावा, पावसाळ्यानंतर तोडावा व बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून मगच वापरावा, म्हणजे त्यास कीड लागत नाही. २०१७ मध्ये वनकायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे वनाबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे. त्यामुळे बांधावर बांबू लावून शेतकरी आपल्या नातवाच्या घराची तुळई आजच तयार करू शकतो.

पाणी, सांडपाणी व धूर

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ४० चौरस मीटरच्या छपरावर ६०० मिलिमीटर पावसात २४,००० लिटर पाणी पडते व त्यातील सुमारे १९,००० लिटर हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन पुढचे गाळून ५,००० लिटरच्या झाकलेल्या टाकीत साठविले, तर पाच माणसांच्या कुटुंबास दरडोई पाच लिटरप्रमाणे पिण्यास व स्वयंपाकास ते २०० दिवस पुरते. पिण्यापूर्वी ते उकळून घ्यावे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावास ही गोष्ट लहान नाही.

मोरीच्या पाण्यासाठी परसात शोषखड्डा घ्यावा. नांदेड जिल्ह्यातील पुष्कळ गावांनी घरोघरी असे खड्डे घेऊन गटारे व डास या दोहोंचा उपद्रव कमी केला आहे. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांनी दोन घनमीटरचा गोबरगॅस संयंत्र बसवावा. रोज सुमारे ५० किलो शेणावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, घरच्या लक्ष्मीचे डोळे धुरापासून वाचतात आणि मळी खत म्हणून शेतास मिळते.

ग्रामपंचायतीने काय करावे

एकट्या शेतकऱ्यास यंत्र विकत घेणे परवडत नाही व पहिले घर आपणच बांधावे असे धाडसही सहसा कोणी करीत नाही. म्हणून आरंभ गावाने करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रम ठेवावा :

(१) शिवारातील चार-पाच ठिकाणची माती गावासमोर तपासून कोणती योग्य ते नोंदवावे.

(२) ग्रामपंचायत वा बचतगटाने दाबयंत्र घेऊन ते भाड्याने द्यावे.

(३) गावातील गवंडी व सुतार यांना प्रत्यक्ष काम चालू असलेल्या ठिकाणी शिकण्यास पाठवावे. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने अशा बांधकामाचे प्रयोग केलेले आहेत. सेवाग्राम येथील गांधीजींची माती-बांबूची कुटीही पाहण्यासारखी आहे.

(४) पहिली इमारत सार्वजनिक असावी, जसे अंगणवाडीची खोली किंवा बियाण्याचे कोठार. ती दोन पावसाळे टिकलेली पाहिल्यावर व्याख्यानाची गरज उरत नाही.

(५) २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. लाभार्थ्यांची घरे मंजूर होताच विटांची एकत्रित आखणी करावी. त्यामुळे मजुरीचा पैसा गावातच राहील.

विधवा, भूमिहीन व वृद्ध यांची घरे नेहमी शेवटी व सर्वांत कच्ची बांधली जातात. गावाने श्रमदानाचा पहिला दिवस त्यांच्यासाठी द्यावा.

मातीचे घर म्हणजे गरिबीची खूण, हा समज आता टाकून दिला पाहिजे. पारखलेली माती, नीट पाणी मारलेली वीट, तीन पट्ट्यांनी बांधलेली भिंत व हलके छप्पर एवढी काळजी घेतली, तर हे घर उन्हाळ्यात थंड राहील, पावसाळ्यात कोरडे राहील आणि जमीन हादरली तरी आतल्या माणसांना बाहेर पडण्यास अवसर देईल. हिवाळ्यात, रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर, विटा पाडण्यास हवा व सवड दोन्ही अनुकूल असतात. त्यापूर्वी प्रत्येक गावाने आपली माती बाटलीत भरून पाहण्यास आरंभ करावा.