चुन्याचा गिलावा पक्का कसा होतो

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मध्ये पापनाशम लागतं. तिथल्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात विटांचं एक गोल धान्यकोठार उभं आहे. रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीतलं (1600–1634), सुमारे 36 फूट उंच, वर निमुळतं होत गेलेलं. आपल्या कणगीचंच थोरलं रूप. भोवती कावेरीच्या पाटांचं पाणी, ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाची झड. अशा मुलखात विटेची भिंत कोरडी ठेवायची, तर भिंतीत शिरलेली ओल परत बाहेर पडायला वाट हवी. ती वाट चुना मोकळी ठेवतो.

चुनखडी किंवा शिंपले भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजतात. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. पाण्यात टाकला की तो खदखदतो, वाफा निघतात. या वेळी डोळे आणि हात सांभाळायलाच हवेत. विरलेला चुना पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ होतो. घाईने विरवलेल्या चुन्यात कच्चे खडे राहतात, ते पुढे भिंतीवर ओल पिऊन फुगतात आणि गिलाव्याचे टवके उडतात.

मग त्यात वाळू घालून घाण्यात मळायचं. तमिळ मुलखात याच वेळी हिरडा आणि गूळ भिजवून आंबवलेलं पाणी घालतात. गुळातली साखर चुना पाण्यात जास्त विरघळवते, त्यामुळे माल थापीखाली लोण्यासारखा सरकतो. मळण्यात कसूर झाली तर पुढची कोणतीही कारागिरी ती भरून काढत नाही, असं माझं ठाम मत आहे.

भिंतीची तयारीही तितकीच महत्त्वाची. विटांमधले सांधे खरवडून मोकळे करायचे, धूळ झाडायची आणि भिंत आदल्या दिवसापासून भिजवायची. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी क्षणात ओढून घेते आणि थर पोकळ वाजू लागतो. ओळंबा लावून जागोजाग मालाचे ठिपके द्यायचे, त्यांच्या पातळीने पहिला थर थापीने मारायचा, पट्टीने ओढायचा. तो जरा घट्ट झाला की ओरखडे पाडायचे, म्हणजे पुढचा थर धरतो. शेवटचा थर बारीक, गुरमाळ्याने दाबून घोटलेला. घोटताना बारीक तडा दिसला तर पाण्याचा शिपका देऊन पुन्हा दाबायचा. वरून माल फासून तो झाकला, तर उन्हाळ्यात परत उघडतो.

पुढचं काम हवेचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, पण पृष्ठभागाकडून आत, फार सावकाश. जाड थराला महिने, कधी वर्षं लागतात. कापलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला की आतला, अजून चुनखडी न झालेला भाग गुलाबी होतो आणि बाहेरची कड पांढरीच राहते. ही क्रिया ओलाव्याशिवाय चालत नाही, म्हणून ताजी भिंत ओल्या गोणपाटाने उन्हापासून झाकतात. पावसाची धार मात्र लागू द्यायची नाही.

नायकांनंतर 1676 ते 1855 तंजावरावर मराठ्यांचं राज्य होतं. तिथल्या राजवाड्यातल्या कमानींवरही चुन्याचंच काम आहे. अशा जुन्या चुन्याच्या बांधकामावर आज सिमेंटचा गिलावा चढवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सिमेंटचा थर टणक आणि घट्ट. पायातून चढलेली ओल त्याच्यामागे अडकते, तिच्यातले क्षार विटेतच स्फटिक होऊन साठतात आणि विटेचा भुगा होतो. बाहेरून भिंत काही वर्षं छान दिसते. डागडुजी काढणाऱ्याने आधी जुना माल हातात चुरून बघावा. तो चुन्याचा निघाला तर नवा थरही चुन्याचाच द्यावा आणि वर प्लास्टिक पेंट न लावता पातळ चुनवणीचे तीन-चार हात मारावेत.