पोत्यावरील प्रथिनांचा आकडा व खाद्याचा खरा कस

मिश्र पशुखाद्य विकत घेताना शेतकरी बहुधा पोत्यावर छापलेला प्रथिनांचा आकडा पाहतो आणि तो मोठा असला की खाद्य उत्तम, असे समजतो. ही समजूत अपुरी आहे.

प्रयोगशाळेत सामान्यतः प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली शोधलेल्या रीतीने खाद्यातील नत्र मोजतात व त्यास ६.२५ ने गुणतात. कारण प्रथिनांत नत्र सरासरी शेकडा १६ असते. हे नत्र भुईमुगाच्या पेंडीतून आले की युरियातून, हे आकडा सांगत नाही. युरियात शेकडा ४६ नत्र असते. शंभर किलो हलक्या खाद्यात दोन किलो युरिया मिसळताच प्रथिनांचा आकडा सुमारे साडेपाचने चढतो. पेंड मात्र मूठभरही वाढलेली नसते.

युरिया सर्वस्वी त्याज्य आहे असे नव्हे. मोठ्या गाईम्हशींच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव त्यापासून प्रथिने बनवितात. परंतु लहान वासरांचे कोठीपोट वाढलेले नसते, कोंबड्यांना ते नसतेच, आणि प्रमाण वाढल्यास मोठे जनावरही पोट फुगून दगावते. शंका आल्यास खाद्य कुटून त्यात कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचे पीठ व कोमट पाणी मिसळावे आणि बाटली बंद करून ठेवावी. काही वेळाने अमोनियाचा उग्र दर्प आल्यास खाद्यात युरिया आहे असे समजावे. किती आहे, हे प्रयोगशाळाच सांगेल.

तुसाची भेसळ तंतुमय पदार्थांच्या आकड्यात आणि तूस व वाळू ही दोन्ही आम्लात न विरघळणाऱ्या राखेच्या आकड्यात दिसतात; म्हणून हे दोन आकडे जितके कमी तितके बरे. कुटलेले खाद्य पेलाभर पाण्यात ढवळल्यास वाळू तळाशी बसते. मळीचा गोड वास मात्र कशाचीच खात्री देत नाही, आणि गिऱ्हाईक भुलते ते नेमके त्यालाच.

बुरशीचे विष याहून फसवे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे मेले. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष दुधातही उतरते. गाठी झालेले, कुबट खाद्य टाकून द्यावे. परंतु स्वच्छ दिसणारे खाद्यही तपासणीवाचून निर्दोष मानू नये.

नमुना पाठविताना ग्रामसेवकाने एकाच पोत्याच्या तोंडची मूठ घेऊ नये. अनेक पोत्यांच्या वरून, मधून व तळातून थोडे थोडे काढून एकत्र कालवावे आणि त्यातील अर्धा किलो कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून पोत्यावरील उत्पादन-क्रमांक व तारीख चिठ्ठीवर लिहावी.