बंद पडलेल्या कंपनीचा ‘चिप’ बोर्ड पुन्हा चालू करताना

मे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ‘नेक्स्ट थिंग’ या छोट्या कंपनीने किकस्टार्टरवर नऊ डॉलरला अख्खा कॉम्प्युटर देऊ केला. त्याचं नाव ‘चिप’. तळहातावर मावणाऱ्या या बोर्डावर एक गिगाहर्ट्झचा ऑलविनर आर८ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, निदान ४ जीबी साठवण, वायफाय आणि ब्लूटूथ असं सगळं होतं. एकोणचाळीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून वीस लाख डॉलरांपेक्षा जास्त रक्कम आगाऊ भरली. याच बोर्डाला पडदा, कीबोर्ड आणि बॅटरी जोडून ‘पॉकेटचिप’ नावाचा हातात धरायचा कॉम्प्युटरही निघाला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचे सर्व्हर बंद झाले.

हे बोर्ड आजही अनेकांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा दोष एवढाच असतो की ते बूट होत नाहीत. असा बोर्ड कचऱ्यात टाकू नये. त्यात नव्याने सॉफ्टवेअर भरण्याची वाट प्रोसेसरच्या आतच कायमची कोरलेली आहे. कंपनी बुडाली म्हणून ती बुजत नाही.

रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर सिस्टीम भरण्याचं काम सोपं असतं. एसडी कार्ड काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यात सिस्टीम लिहा, परत बसवा. ‘चिप’ला कार्डाची खाचच नाही. तिची सिस्टीम बोर्डावर डाख देऊन बसवलेल्या नँड फ्लॅश मेमरीत राहते, त्यामुळे ती बाहेरून यूएसबी केबलनेच भरावी लागते. यालाच फ्लॅश करणं म्हणतात. कंपनी चालू असताना क्रोम ब्राउझरमधून दोन-चार क्लिकमध्ये हे होत असे. ती सोय गेली. आता हाताने करायचं.

सुरुवात बोर्डापासून करू नका, फाइलींपासून करा. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या सिस्टीम इमेज स्वयंसेवकांनी वेळेत उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवल्या आहेत. त्यांत पडद्याविना चालणारी सर्व्हर आवृत्ती, डेस्कटॉप आवृत्ती, पॉकेटचिपची आवृत्ती आणि बिल्डरूटची अगदी लहान आवृत्ती असे प्रकार सापडतात. पहिल्यांदा करत असाल तर सर्व्हर आवृत्ती घ्या. ती डेस्कटॉप आवृत्तीपेक्षा लहान असल्यामुळे फ्लॅश लवकर होते आणि काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं. फ्लॅश करणारी मूळ स्क्रिप्ट ‘चिप-टूल्स’ या संचात होती. ती इमेज कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायला जाते आणि तिथेच अडकते. म्हणून पत्ते बदललेली किंवा घरच्या फोल्डरमधली इमेज वापरणारी सुधारित प्रत घ्यावी. चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायचा आकडा, दिला असेल तर तो जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली इमेज फ्लॅश करून नंतर बोर्डाला दोष देण्यात अर्थ नाही.

यजमान, म्हणजे बोर्डात सिस्टीम भरणारा कॉम्प्युटर, खराखुरा लिनक्सचा हवा. विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवून हे काम करणारे बहुतेक जण मध्येच अडकतात. त्याचं कारण पुढे येईल. सनएक्सआय-टूल्स, फास्टबूट आणि यू-बूट-टूल्स ही तीन पॅकेजं डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात आहेत. मायक्रो यूएसबी केबल डेटा नेणारी आहे ना, ते फोन जोडून तपासा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डाचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही.

आता बोर्ड हातात घ्या. दोन्ही कडांना पिनांच्या लांब पट्ट्या आहेत आणि पिनांची नावं पट्टीच्या अंगावरच छापलेली आहेत. हे करणाऱ्याला दुवा द्यावा. ‘एफईएल’ आणि ‘जीएनडी’ अशा दोन पिना शोधा. बॅटरी लावली असेल तर काढा. जंपर वायरने किंवा सरळ केलेल्या पेपरक्लिपने या दोन पिना जोडा आणि त्यानंतरच यूएसबी केबल कॉम्प्युटरला लावा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रोसेसर ही पिन वीज मिळताच, अगदी सुरुवातीलाच तपासतो.

आत काय घडतं ते समजून घेतलं की पुढचे सगळे अडथळे ओळखीचे वाटू लागतात. ऑलविनरच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. तो कोणालाही पुसता येत नाही. वीज मिळाली की सर्वात आधी तो चालतो. एफईएल पिन जीएनडीला जोडलेली दिसली, तर नँडकडे न पाहता तो यूएसबीवर येऊन आदेशाची वाट पाहत बसतो. हाच ‘फेल’ मोड. या वेळी यजमानावर ‘एलएसयूएसबी’ ही कमांड चालवली तर १एफ३ए:ईएफई८ हा क्रमांक दिसतो, आणि शेजारी ‘ओंडा’ या कंपनीच्या टॅबलेटचं नाव. घाबरू नका. ऑलविनरचे प्रोसेसर मुळात स्वस्त टॅबलेटसाठी होते. हा क्रमांक यादीत चढला तो ओंडाच्या टॅबलेटच्या नावाने, आणि तेच नाव सगळ्यांना चिकटलं. ही ओळ दिसली म्हणजे तुमचा बोर्ड जिवंत आहे. नँडमध्ये कितीही गोंधळ असला तरी इथपर्यंत तो येतोच.

पुढचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे. या क्षणी मोठी रॅम अजून जागी झालेली नसते. प्रोसेसरच्या पोटात असलेली थोडीशी एसरॅम तेवढी वापरता येते. म्हणून यजमान आधी ‘एसपीएल’ नावाचा इवलासा प्रोग्राम तिथे पाठवतो. त्याचं काम एकच, ५१२ एमबी रॅम सुरू करणं. मग त्या रॅममध्ये यू-बूट हा मोठा बूटलोडर आणि त्याच्यासाठीची आदेशांची यादी जाते. यू-बूट नँड पुसतो आणि स्वतःला तिथे लिहितो. त्यानंतर तो फास्टबूट मोडमध्ये जातो आणि मुख्य सिस्टीम तुकड्या-तुकड्यांनी स्वीकारतो.

बहुतेकांची गाडी अडते ती फेलकडून फास्टबूटकडे जाताना. त्या क्षणी बोर्ड यूएसबीवरून उतरतो आणि वेगळ्या क्रमांकाने, १एफ३ए:१०१० म्हणून, परत येतो. व्हर्च्युअल मशीनला हे नवंच उपकरण वाटतं, ते आत पोचत नाही आणि स्क्रिप्ट ‘फास्टबूटची वाट पाहत आहे’ असं म्हणत थांबते. खऱ्या लिनक्सवरही साध्या वापरकर्त्याला या उपकरणाला हात लावायची परवानगी नसेल तर हेच होतं. उपाय म्हणजे दोन्ही क्रमांकांसाठी यूडेव्हचे, म्हणजे उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचे, नियम लिहिणं. हबमधून न जोडता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा, आणि शक्य असेल तर जुनं यूएसबी २ चं पोर्ट निवडा.

नँडचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काही बोर्डांवर तोशिबाची ४ जीबीची मेमरी आहे, काहींवर हायनिक्सची ८ जीबीची. दोन्हींचं पान १६ केबीचं आणि पुसायचा ठोकळा ४ एमबीचा. फरक आहे तो प्रत्येक पानामागे चुका सुधारण्यासाठी राखलेल्या जागेत. म्हणून इमेजच्या फाइलींच्या नावात शेवटी ५०० किंवा ६८० असा सोळा-आधारी आकडा असतो. ५०० तोशिबाची, ६८० हायनिक्सची. स्क्रिप्ट बोर्डाला विचारून योग्य फाइल स्वतः निवडते. हाताने फ्लॅश करणाऱ्याने मात्र हे डोळ्यांनी पाहावं.

काम संपल्याचा संदेश आला की केबल काढा, पिनांमधली जोडणी काढा आणि बोर्ड पुन्हा कॉम्प्युटरला लावा. जोडणी राहिली तर बोर्ड पुन्हा फेलमध्येच जाईल. थोड्या वेळाने यजमानावर एक सीरियल पोर्ट उगवतो. ‘स्क्रीन’ किंवा ‘मिनिकॉम’ हा प्रोग्राम वापरून ११५२०० वेगाने तो उघडा. वापरकर्ता ‘चिप’, पासवर्डही ‘चिप’. हाच पासवर्ड जगातल्या प्रत्येक ‘चिप’चा होता, तेव्हा तो आधी बदला आणि रूटचाही बदला. मग ‘एनएमटीयूआय’ चालवून वायफाय जोडा. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. वायफाय सुरू होताच बोर्ड बंद पडत असेल तर कॉम्प्युटरचं पोर्ट पुरेशी वीज देत नाही असं समजा. चांगला चार्जर किंवा एका सेलची लिथियम बॅटरी लावली की तक्रार संपते. मात्र तारांची बाजू जुळते आहे का, ते बॅटरी लावण्याआधी नीट पाहा.

बसवलेली सिस्टीम डेबियन ८, म्हणजे ‘जेसी’ आहे. तिची दीर्घ मुदतीची देखभालही जून २०२० मध्ये संपली. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या पत्त्यांच्या फाइलीत नेहमीचं भांडार काढून डेबियनचं जुनं संग्रहालय, म्हणजे आर्काइव्ह, लिहावं लागतं आणि पॅकेजं उतरवणाऱ्या एपीटीला मुदतीची तपासणी सोडून द्यायला सांगावं लागतं. कंपनीच्या स्वतःच्या भांडाराची ओळ काढून टाका. आधी तारीख तपासा, ती मागे पडलेली असते. तारीख बरोबर असूनही अनेक सुरक्षित संकेतस्थळं उघडणार नाहीत, कारण अनेक स्थळं ज्यांची प्रमाणपत्रं वापरतात त्या लेट्स एन्क्रिप्टचा आधार असलेलं जुनं मूळ प्रमाणपत्र सप्टेंबर २०२१ मध्ये संपलं आणि इतकी जुनी ओपनएसएसएल नवी साखळी नीट ओळखत नाही.

कर्नल बदलायचा मोह होईल. तो आवरा. बोर्डासोबतचा कर्नल ४.४ आहे आणि त्यात या नँडसाठी खास केलेली दुरुस्ती आहे. ही मेमरी एमएलसी जातीची, म्हणजे एका पेशीत दोन बिट ठेवणारी. हे दोन बिट दोन वेगळ्या पानांचे असतात. दुसरं पान लिहिताना वीज गेली तर आधी नीट लिहिलेलं पहिलं पानही खराब होतं. याच धोक्यामुळे लिनक्सच्या मुख्य कर्नलने २०१८ मध्ये फ्लॅश मेमरी सांभाळणाऱ्या यूबीआय या थराला एमएलसी नँड स्वीकारू न देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा नवा कर्नल टाकाल तर तुमची सिस्टीम जिथे आहे तीच मेमरी त्याला वापरता येणार नाही. रोजच्या वापरात याचा अर्थ साधा आहे: केबल उपटून बोर्ड बंद करू नका, शटडाउनची कमांड द्या. घरी वीज वारंवार जात असेल तर बॅटरी जोडून ठेवा. बोर्डावर चार्जिंगची सोय आहेच.

एवढं झालं की खोलीचं तापमान नोंदवणं, स्पीकरवर गाणी लावणं, मुलांना लिनक्सचं टर्मिनल शिकवणं अशी कामं हा बोर्ड उत्तम करतो. इंटरनेटला उघडा ठेवण्याच्या लायकीचा तो राहिलेला नाही, राउटरच्या आतच ठेवा.

तुमच्याकडे दुसरा कोणताही बंद झालेला बोर्ड असेल आणि त्याच्या निर्मात्याचं संकेतस्थळ अजून चालू असेल, तर त्याची इमेज, फ्लॅश करायचं साधन, पिनांचा नकाशा आणि चेकसम आजच उतरवून दोन ठिकाणी ठेवा, आणि परवाना परवानगी देत असेल तर एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवरही चढवा.